गाडी कुणाच्या हाती द्यावी?

(मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात ‘आपले काम, आपला अनुभव’ या कार्यक्रमात झालेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून, बोलण्याची भाषा तशीच ठेवून, येथे देत आहोत.)



काल याच ठिकाणी ज्ञानेश्वरीवर इतके सुंदर विवेचन झाले आणि आज तुम्ही मला मोटारसायकलच्या सर्व्हिसिंगवर बोलायला उभे केले आहे. एकदम उंचावरून खाली आल्यासारखे वाटेल. पण बाहेर मांडवाच्या भिंतीला लागून उभ्या असलेल्या गाड्या मी येताना मोजल्या. चौसष्ट आहेत. त्यातल्या निम्म्यांच्या चेन लोंबताहेत. बाप्पा विघ्नहर्ता आहेत हे खरे, पण ढिली चेन आवळण्याचे काम त्यांच्यावर टाकू नये.

मी मोटारसायकलचा मिस्त्री नाही. जळगावच्या शासकीय तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, रेल्वेत भरती झालो आणि वीस-बावीस वर्षे झाशीच्या वॅगन वर्कशॉपमध्ये आहे. वॅगनला तर इंजिनही नसते. तरी दर रविवारी माझ्या क्वार्टरपुढे कुणीतरी गाडी उभी करतो आणि विचारतो, ‘भाऊ, गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्यावी की उस्तादाकडे?’ आपल्यातली काही घराणी नेवाळकरांच्या काळापासून इथली, काही आमच्यासारखी रेल्वेने आणून सोडलेली. पण या प्रश्नावर मंडळात दोन तट पडतात ते घराणी पाहून पडत नाहीत. एक तट म्हणतो, रस्त्यावरच्या मिस्त्रीच्या हातात नव्वद हजारांची गाडी द्यायची म्हणजे डोळे मिटून विहिरीत उडी. दुसरा म्हणतो, सेंटरवाले नुसते धुतात, पॉलिश मारतात आणि बिल फाडतात. प्रत्येकाकडे सांगायला एक गोष्ट असते, आणि पंचाईत अशी की दोघांच्याही गोष्टी खऱ्या असतात.

याचे उत्तर शोधताना मला आमच्या वर्कशॉपचा उपयोग झाला, म्हणून थोडे तिकडचे सांगतो. आमच्याकडे वॅगन येते ती पीओएचला, म्हणजे ठरावीक वर्षांनी होणाऱ्या पूर्ण दुरुस्तीला. चाके निघतात, बोगी सुटते, ब्रेकचे भाग उघडतात. सगळे जोडून झाल्यावर ब्रेकची चाचणी वेगळ्या टेस्ट रिगवर होते. ब्रेक पाइपमध्ये ५ किलोचा दाब भरून गळती किती, ब्रेक लागायला आणि सुटायला किती सेकंद, हे आकड्यांत लिहून ठेवावे लागते. मग वॅगनच्या अंगावर कुठल्या वर्कशॉपने काम केले आणि कोणत्या तारखेला, हे रंगवले जाते. पुढे कुठेही गाडी अडली की पहिला प्रश्न येतो, शेवटचे काम कुणाचे?

मी भरती झालो त्या काळी आमच्याकडे एनटीएक्सआर असत, न्यूट्रल ट्रेन एक्झामिनर. ते आमच्या वर्कशॉपच्या साहेबांच्या हाताखालचे नसत, आयआरसीएचे असत. आम्ही कितीही म्हटले की वॅगन तयार आहे, तरी त्यांनी हातोडी घेऊन खालून-वरून पाहून ‘फिट’ म्हटल्याशिवाय ती हलायची नाही. महिन्याचा आकडा पुरा करायची घाई असताना त्यांचा फार राग यायचा. पण त्यातली मेख मला तिथे कळली. ज्याने काम केले त्यानेच ‘झाले’ म्हणायचे, असे आमच्याकडे चालत नाही. काम करणारा चोर असतो म्हणून नव्हे. आपण केलेले काम आपल्या डोळ्यांना पुरे झालेलेच दिसते, म्हणून.

आता हा चष्मा लावून सेंटर आणि उस्ताद दोघांकडे पाहू.

सेंटरमध्ये काय असते? कंपनीचे सर्व्हिस मॅन्युअल असते, खास हत्यारे असतात, नट किती ताकदीने आवळायचा ते मोजणारा टॉर्क रेंच असतो, संगणकाला जोडायचे यंत्र असते. ही लहान गोष्ट नाही. साधा इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट घ्या. बोल्ट लोखंडाचा, केसिंग ॲल्युमिनियमचे. कुणी पहिलवानाने पाय लावून आवळला की आटे गेले, आणि मग सगळे केसिंग उतरवायची वेळ. हत्यार मोजून वापरणारा असेल तर हे टळते.

पण सेंटरमध्ये तुमची गाठ पडते ती सर्व्हिस ॲडव्हायझरशी. तो नेटका शर्ट घालून जॉब कार्ड लिहितो. गाडी उघडणारा मुलगा आत असतो आणि आत ‘ग्राहकांना प्रवेश नाही’ ही पाटी असते. तुम्ही सांगितलेले ‘पुढचा ब्रेक दाबला की चिरकतो’ हे आत पोहोचेपर्यंत नुसते ‘ब्रेक चेक’ होते. ॲडव्हायझरला वरून सांगितलेले असते की इंजिन फ्लश इतके, कोटिंग इतके खपलेच पाहिजे. कार्डावर शेवटी तपासणीचे चौकोन असतात. मी अशी कार्डे पुष्कळ पाहिली आहेत. वरपासून खालपर्यंत एकाच पेनाने, एकाच दमात मारलेल्या बरोबरच्या खुणा! आमच्याकडे असे रजिस्टर दिसले तर साहेब पहिल्यांदा तेच उचलतात.

आमच्या वर्कशॉपमधल्या एका मित्राची गोष्ट सांगतो, तो इथेच बसला आहे, त्याची परवानगी घेतली आहे. त्याची मुलगी रोज गाडीने कॉलेजला जाते, हायवेचा तुकडा ओलांडून, ट्रकांच्या रांगेतून. गाडी १०० सीसीची, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. सेंटरला द्यायच्या आदल्या रात्री मी दोन्ही एक्सलच्या नटांवर पिवळ्या रंगाची बारीक रेघ मारली, निम्मी नटावर, निम्मी बाजूच्या लोखंडावर. आमच्याकडे नट आवळल्यावर अशी रेघ मारायची पद्धत आहे. नट जराही फिरला की रेघ तुटते. संध्याकाळी गाडी आली, धुतलेली, चकचकीत. बिलात ‘पुढचा व मागचा ब्रेक क्लीनिंग’ म्हणून रक्कम लावलेली. मागच्या नटाची रेघ तुटली होती. पुढची जशीच्या तशी! ड्रम ब्रेक साफ करायचा तर चाक काढावे लागते आणि नट न फिरवता चाक निघत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे गेलो. भांडलो नाही, रेघ दाखवली. आतल्या मुलाला बोलावले. वीस-बावीस वर्षांचा, आयटीआय झालेला. म्हणाला, ‘साहब, कल मेरी ग्यारह गाड़ियाँ थीं.’ त्याने आमच्यासमोर चाक काढले. ड्रममध्ये काळी भुकटी भरलेली आणि शू झिजून शेवटाला आलेले. ब्रेकच्या प्लेटवर झिजेची एक खूण असते, ब्रेक दाबल्यावर बाण तिच्याशी आला की शू बदलायचे. बाण तिथे आदल्या दिवशीही आलेला होता. वाकून पाहायला कुणाला सवड नव्हती, इतकेच. त्या मुलाला शिव्या देणे सोपे आहे. सणाच्या तोंडावर ज्याच्या अंगावर अकरा गाड्या टाकल्या आणि तपासणारा दिला नाही, तो मुलगा पुढचे चाक सोडून देणारच.

आता उस्ताद. नगऱ्याच्या रस्त्यावर लिंबाखाली ज्यांचे दुकान आहे ते उस्ताद तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहेत. पुष्कळांना हे माहीत नसेल की ते स्वतः सहा वर्षे एका कंपनीच्या सेंटरमध्ये होते. पगार परवडेना म्हणून बाहेर पडले. आपण ‘कंपनीचा’ आणि ‘रस्त्यावरचा’ असे दोन वेगळे मिस्त्री समजतो, पण पुष्कळदा तो एकच माणूस असतो, दहा वर्षांच्या अंतराने.

त्यांचा कान विलक्षण आहे. माझ्या शेजाऱ्यांच्या जुन्या हिरो होंडाचे इंजिन खडखडत होते. सेंटरने हेड उघडावे लागेल म्हणून मोठा अंदाज दिला. उस्तादांनी पेचकसाचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावली, दोन ठिकाणी ऐकले आणि म्हणाले, ‘टॅपेट नहीं है, कैम चेन है.’ टेन्शनर बदलला, आवाज गेला. हेड उघडलेच नाही. १९८५ साली सीडी १०० आली, १९९४ साली स्प्लेंडर आली, तेव्हापासून या देशात त्या घडणीची इतकी इंजिने धावली आहेत की लिंबाखालच्या माणसाला ती तळहातासारखी पाठ झाली. शिवाय तो तुमच्याशी स्वतः बोलतो, तुमच्यासमोर गाडी उघडतो, आणि उद्या काही झाले तर तोंड लपवायला त्याच्याकडे काचेची केबिन नसते.

पण उस्तादांचेही गुण सांगतो, त्यांनी ऐकले तरी चालेल, त्यांना मी तोंडावर सांगितलेले आहे. हँडलच्या बेअरिंगचा खाचेचा नट ते छिन्नी-हातोडीने फिरवतात. त्याला खास पाना येतो, फार महागही नसतो. ‘तीस साल से ऐसे ही करता हूँ’ हे उत्तर. टॅपेट फीलर गेज न लावता बोटाच्या अंदाजाने. टॅपेटची फट मिलिमीटरच्या काही शतांशाची असते. फार सैल ठेवली तर आवाज येतो म्हणून लोक घट्ट करून मागतात. घट्ट ठेवली की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि हळूहळू जळतो. आवाज करणारे टॅपेट परवडले. आणि ऑइलचा एकच मोठा डबा, सगळ्या गाड्यांना तेच.

ऑइलवर जरा थांबतो, कारण इथे फसवणूक कमी आणि अज्ञान जास्त आहे. बहुतेक मोटारसायकलींत क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए २’ असे लिहिलेले पाहावे. गिअर नसलेल्या स्कूटरचे ऑइल ‘एमबी’ असते, तिचा क्लच कोरडा असतो. मोटारीचे ऑइल स्वस्त पडते म्हणून मोटारसायकलीत ओतले तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी क्लच घसरायला लागतो. गाडी ओढत नाही म्हणून मग क्लच प्लेटा बदलायचा खर्च. लहान गाड्यांना जेमतेम लिटरभर ऑइल लागते. डबा स्वतः विकत घ्या, सील तुमच्यासमोर फोडायला लावा. मग तो फोडणारा सेंटरचा असो की लिंबाखालचा.

अलीकडच्या काळात मात्र या भांडणाची जमीनच बदलली आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस आले. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर गेला. पेट्रोल किती सोडायचे ते आता ईसीयू नावाची संगणकाची पेटी ठरवते. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर तिला सांगतो, मिश्रण दाट झाले की पातळ. पूर्वी एक स्क्रू अर्धा आटा फिरवला की आयडल जमायचे, ते दिवस गेले. मीटरवर इंजिनाचा दिवा लागला तर काही मिस्त्री बॅटरीची वायर काढून पुन्हा लावतात. दिवा जातो, दोष राहतो. तापलेल्या रुग्णाचा थर्मामीटर फोडावा तसे ते आहे. आमच्या उस्तादांच्या मुलाने आता काही हजारांचा स्कॅनर घेतला आहे, दोष कुठला ते त्याला वाचता येते. पण कंपनीने ईसीयूत बदल सांगितला असेल तर तो कंपनीच्याच यंत्रावर होतो.

तेव्हा मी काय करतो ते सांगतो. वॉरंटी चालू आहे तोवर गाडी वेळेवर सेंटरला, आणि प्रत्येक वेळी पुस्तिकेवर शिक्का आणि किलोमीटर. फ्री सर्व्हिसमध्ये मजुरी फुकट असते, ऑइलचे पैसे पडतात, हे घरी आधी सांगून ठेवावे. ईसीयू, एबीएस, चावीचे इमोबिलायझर, कंपनीने परत बोलावलेल्या गाड्या, हे सेंटरचेच काम, वॉरंटी संपल्यावरही. चेन, केबल, ब्रेक शू, बेअरिंग, पंक्चर, जुन्या गाडीचा कार्ब्युरेटर, टॅपेट, हे उस्तादांचे. फीलर गेज मी खिशात घेऊन जातो. डिस्क ब्रेकचे ऑइल मधले आहे. ते हवेतला ओलावा शोषते, म्हणून गाडी कमी चालली तरी साधारण दोन वर्षांनी बदलायचे, आणि झाकणावर डॉट ३ की डॉट ४ लिहिले असेल तेच घालायचे. साध्या डिस्कला उस्ताद चालतील. एबीएस असेल तर सेंटर, कारण काही गाड्यांत हवा काढायलाही यंत्र लागते.

कुणी घाबरवतात की बाहेर एकदा हात लावला की सगळी वॉरंटी गेली. मोटारींच्या बाबतीत हा प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेला होता. २०१४ च्या ऑगस्टमध्ये आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, सुटे भाग आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून. त्यातच असेही सांगितले की बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामाने जे बिघडले तेवढ्यापुरतीच ती जाईल. प्रकरण पुढे अपिलांत गेले, आणि ते मोटारींचे होते, दुचाकींचे नव्हे. म्हणून त्या निकालाची प्रत खिशात घेऊन सेंटरवाल्याशी हुज्जत घालायला जाऊ नका. पण कल कुठे आहे ते दिसते. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी वेगळे पोर्टलही काढले. तक्रार करायचीच झाली तर ग्राहकांसाठी १९१५ हा नंबर आहे. पक्के बिल मात्र हवे. उस्तादांकडूनही कागदावर लिहून घ्या, काय बदलले आणि कुठल्या कंपनीचा भाग.

आणि आता मुख्य गोष्ट. सेंटरला तपासणारा नावाला असतो, उस्तादांकडे तोही नसतो. मग एनटीएक्सआर कोण? गाडीवर जो बसणार तो. त्याला इंजिन उघडता यायची गरज नाही. जॉब कार्डावर ॲडव्हायझरला स्वतःच्या शब्दांत लिहू देऊ नका. ‘थंड असताना पुढचा ब्रेक चिरकतो’ असे तुमचे वाक्य लिहून घ्या. काढलेले जुने भाग परत मागा. शू नवे घातले म्हणतात ना, मग जुने दाखवा. नव्या भागाचे खोके पाहा, त्यावर पार्ट नंबर, छापील किंमत आणि होलोग्राम असतो. एअर फिल्टर तेलकट कागदाचा असेल तर तो हवा मारून साफ करायचा नसतो, बदलायचाच. आणि आपल्या बुंदेलखंडात, मे महिन्यातली लू आणि क्रशरची धूळ पाहता, पुस्तिकेत लिहिलेल्या अंतराच्या आधी. गाडी घेतल्यावर पैसे देण्यापूर्वी शंभर पावले चालवा, दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून पाहा, चेन बोटाने वर-खाली करा, दोन-तीन सेंटिमीटर हलली पाहिजे, नेमका आकडा पुस्तिकेत आहे. घरी एक वही ठेवा, तारीख, किलोमीटर, काम, कुणी केले. आमच्या वॅगनच्या अंगावर ते रंगवलेले असते, गाडीच्या टाकीवर तुम्ही रंगवणार नाही म्हणून वही.

भगिनींना एक विनंती. घरात गाडी चालवता तुम्ही आणि मुली, सर्व्हिसला नेतात घरातले पुरुष, आणि ब्रेक कसा लागतो ते विचारले की तेच उत्तर देतात. पुढच्या वेळी जी रोज चालवते तिने स्वतः जाऊन सांगावे. आमच्या मित्राची मुलगी आता स्वतः जाते. रेघाही तीच मारते. रंग संपला तर नेलपॉलिश वापरते, आणि लाल असल्यामुळे ते माझ्या पिवळ्या रंगापेक्षा जास्त दिसते, हे मला मान्य करावे लागले.

सचिवांनी घड्याळ दाखवले आहे, प्रसाद थांबला आहे. उद्या सकाळी आरतीनंतर मी मागच्या मैदानात फीलर गेज, पाना आणि रंगाची कुपी घेऊन बसतो आहे. उस्तादही येणार आहेत. ज्यांना टॅपेट पाहून घ्यायचे असतील त्यांनी गाडी आज रात्रीच इथे आणून ठेवावी, किंवा सकाळी ढकलत आणावी. टॅपेट थंड इंजिनावरच पाहायचे असतात, सुरू करून आणलेली गाडी आम्ही घेणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!